एका कमाईवर घराचें कर्ज



‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढें दोन माणसांचा संसार असावा. एकानें मिळवावें, दुसऱ्यानें पुरवावें. एक आजारी पडला तर दुसऱ्यानें सावरावें, अशी त्या संसाराची घडण असते. परंतु ज्या घरांत मिळवणारा हात एकच आणि मुलांच्या डोक्यावरून फिरणारा हातही तोच, त्या घरानें काय करावें? पति निवर्तलेली स्त्री, पतीनें टाकलेली किंवा त्याच्यापासून विभक्त झालेली स्त्री, क्वचित् लहान मुलें घेऊन राहिलेला विधुर, अशा एकट्या पालकाला बेताच्या मिळकतीवर आयुष्यांतलें पहिलें घर कर्ज काढून घेतां येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या वाटेनें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उत्तर आधींच सांगून टाकतों. घेतां येतें. मात्र पगाराच्या आकड्याहून दोन गोष्टींना येथें अधिक महत्त्व आहे. जागेची निर्वेध मालकी ही एक, आणि मिळकतीची नियमित लेखी नोंद ही दुसरी. या दोन्ही गोष्टी बँकेच्या दारांत उभें राहिल्यावर जमत नाहींत. त्यांची तयारी दोन-तीन वर्षें आधीं, शांतपणें, घरीं बसून करावी लागते.

प्रथम गहाण म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे गहाणाचे व्यवहार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें चालतात. त्या कायद्यांत गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. जुन्या पिढीला ताबेगहाण ठाऊक होतें. त्यांत शेत किंवा घर सावकाराच्या ताब्यांत जाई आणि तो त्याचें उत्पन्न खाई. घरासाठीं बँक जें कर्ज देते, त्यांत घराचा ताबा ऋणकोकडेच राहतो. बहुधा मालकीचे मूळ दस्तऐवज तेवढे बँकेंत तारण म्हणून ठेवावे लागतात. कर्ज फिटलें कीं दस्तऐवज परत. ‘तूर्त विक्रीखत करून द्या, पैसे फिटले कीं घर परत तुमच्या नांवें करूं,’ असें कोणी गोड बोलून सांगूं लागला तर मात्र त्याला दारांतूनच निरोप द्यावा. परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल, तर कायदा तें गहाण मानीत नाहीं. ती विक्रीच ठरते.

आतां मालकीकडे वळूं. सेवानिवृत्तीनंतर गांवकऱ्यांचे अर्ज लिहून देण्याचें काम आपोआप मजकडे आलें आहे. त्या अनुभवानें सांगतों कीं, भंडारा जिल्ह्यांतील आमच्या दिघोरीसारख्या गांवीं घर असतें, त्यांत तीन पिढ्या नांदलेल्या असतात, आणि तरीही तें घर आपलें आहे असें दाखवणारा पक्का कागद नसतो. यामागें इतिहास आहे. हा धानाचा मुलूख पूर्वीं मध्यप्रांतांत होता आणि येथें मालगुजारी पद्धति चाले. गांवची वस्तीची जागा, म्हणजे आबादी, मालगुजाराच्या हक्कांत मोडे. १९५१ सालीं मालगुजारी गेली, घरें ज्यांचीं त्यांच्याकडे राहिलीं. पण गांवठाणांतील घराघराची मोजणी बहुतेक ठिकाणीं झालीच नाहीं. त्यामुळें घरमालकाजवळ ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीचा ‘नमुना ८’ चा उतारा तेवढा असतो. तो उतारा कर कोण भरतो हें सांगतो. मालक कोण हें निर्णायकपणें सांगत नाहीं. म्हणून बँकेचा वकील त्यावर समाधान मानीत नाहीं.

ही अडचण दूर करण्याकरितां २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणाची मोजणी करून प्रत्येक घराची मिळकतपत्रिका तयार करावयाची, असें तिचें स्वरूप आहे. आपल्या मूळ गांवीं घर असेल तर ही पत्रिका झाली आहे काय, आणि तिच्यावर कोणाचें नांव लागलें आहे, याची चौकशी भूमि-अभिलेख कार्यालयांत अवश्य करावी. मोजणीच्या वेळीं एकटी स्त्री कामावर गेलेली असते आणि दिराचें नांव लागून जातें. पुढें तें काढण्यांत वर्षें जातात.

नांवाचा हा प्रश्न विधवेच्या बाबतींत विशेष नाजूक आहे. पतीच्या नांवावरील घर त्याच्या पश्चात् आपोआप पत्नीचें होतें अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्र न करतां वारलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतींत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई हे सर्व सारखे वाटेकरी असतात. मागें पत्नी, दोन मुलें आणि आई राहिली, तर पत्नीचा वांटा एक चतुर्थांश. सासूबाईंची संमति हवी. आणि मुलें अज्ञान असतील तर आणखी एक पायरी चढावी लागते. त्याच वर्षींच्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें, अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवांचून गहाण टाकण्यास नैसर्गिक पालकालाही मनाई केली आहे. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागूं शकतें. बँका अशा घरावर कर्ज द्यायला कां कचरतात, हें यावरून कळून येईल. यांत आईवर अविश्वास नाहीं; मुलाच्या वांट्याचें तें रक्षण आहे. तेव्हां पतीच्या नांवावरील जुनें घर दुरुस्त करावयाचें असेल तर आधीं वारसनोंद, मग संमति, आणि गरज पडल्यास न्यायालयाची परवानगी, हाच क्रम ठेवावा. स्वतःच्या एकटीच्या नांवें नवें घर विकत घ्यावयाचें असेल तर हा गुंता मुळांतच टळतो.

परित्यक्तेची गोष्ट याहून निराळी आहे. तिच्याजवळ पतीच्या मृत्यूचा दाखला नसतो आणि घटस्फोटाचा हुकूमही नसतो. स्वतःच्या पैशानें स्वतःच्या नांवें घर घेण्यास कायद्यानें तिला पतीच्या संमतीची गरज नाहीं. पण कर्ज देणारा अधिकारी सहकर्जदार म्हणून पतीची सही मागतो आणि गाडें अडतें. अशा वेळीं न्यायालयाचा पोटगीचा किंवा विभक्ततेचा आदेश उपयोगीं पडतो. आणि कमावता भाऊ, वडील किंवा सज्ञान मूल सहकर्जदार होण्यास तयार असेल तर वाट सुकर होते. जामीन राहणाऱ्यानें मात्र एवढें ओळखून सही करावी कीं, १८७२ च्या करार कायद्यानें मूळ ऋणकोइतकीच जबाबदारी जामिनावर येते; केवळ ओळख पटवण्यापुरती ती सही नसते.

आतां मिळकतीची नोंद. महिना १८,००० रुपये मिळवणारी शिवणकाम करणारी स्त्री आणि तितक्याच पगाराची कार्यालयांतील सेविका, या दोघींची खरी ऐपत सारखी. पण बँकेच्या लेखीं सारखी नाहीं. एकीजवळ पगारपत्रक आहे, दुसरीजवळ नाहीं. हें अंतर भरून काढण्याचा उपाय साधा आहे. हातांत येणारा पैसा, थोडा असो वा फार, आधीं खात्यांत भरावा आणि मग खर्चाला काढावा. दोन वर्षें असें केलें तर पासबुकच तिच्या वतीनें बोलूं लागतें. घरभाडें, विजेचें बिल, गटाचा हप्ता वेळेवर दिल्याच्या पावत्या जपाव्या. तसेंच पतनोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एकदां आपला अहवाल विनामूल्य मिळतो. तो आधीं मागवून पाहावा. कोणा नातेवाईकासाठीं आपल्या नांवें काढलेलें आणि थकलेलें छोटेंसें कर्ज तेथें नोंदलेलें असतें, आणि त्यावरच अर्ज फेटाळला जातो.

अक्षरशून्य स्त्रीला हें कसें जमावें, अशी शंका येईल. त्यासाठीं सातारा जिल्ह्यांतील म्हसवडकडे पाहावें. तेथें चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँक काढूं इच्छिणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळांना लिहितां-वाचतां येत नाहीं म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्या स्त्रिया अक्षरें शिकल्या, पुन्हां रिझर्व्ह बँकेंत गेल्या, आणि कोणत्याही रकमेचें व्याज तोंडी सांगण्याची तयारी त्यांनीं अधिकाऱ्यांना दाखवली. परवाना मिळाला. हिशेब हा शाळेंत जन्मलेला नाहीं. बाजारांत आणि चुलीपाशीं तो आधींपासून आहे. त्याला कागदावर आणावयाचें एवढेंच उरतें.

त्या हिशेबाचें एक उदाहरण मास्तरकीच्या संवयीनें फळ्यावर मांडतों. सात लाखांचें लहानसें घर आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत घराच्या किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें बँकांना दिली आहे. आपण एक लाख स्वतःचे घालून सहा लाखांचें कर्ज घेतलें असें धरूं. दरसाल ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर महिन्याचा हप्ता ५,३९८ रुपये होतो. पहिल्या हप्त्यांतील ४,५०० रुपये व्याजांत जातात आणि मुद्दल फक्त ८९८ रुपयांनीं घटतें. चवदा वर्षें हप्ते भरल्यावरही निम्मी मुद्दल शिल्लकच असते. वीस वर्षांत एकूण १२ लाख ९५ हजारांच्या वर रक्कम भरली जाते. मुदत १५ वर्षांची केली तर हप्ता ६,०८६ होतो, पण एकूण भरणा १० लाख ९५ हजारांवर येतो. म्हणजे दोन लाख वांचतात. उलट, लेखी नोंद नाहीं म्हणून १२ टक्के दरानें २० वर्षांचें कर्ज घ्यावें लागलें, तर हप्ता ६,६०७ आणि एकूण भरणा १५ लाख ८५ हजार. पासबुक न जपल्याचा हा दंड जवळजवळ २ लाख ९० हजार रुपयांचा झाला.

दोघांच्या कमाईवर निम्म्या मिळकतीइतका हप्ता एखादे वेळीं निभतो. एका कमाईवर तो तिसऱ्या हिश्शाच्या पलीकडे जाऊं देऊं नये, असें माझें मत आहे. मूल तापानें फणफणलें कीं त्याच आईची रजा पडते. रजा पडली कीं मजुरी बुडते, आणि हप्ता तर चुकत नाहीं. म्हणून बँक जितकें देऊं करील तितकें घेऊं नये, आणि सहा हप्त्यांची रक्कम निराळी ठेवल्यावांचून कर्जावर सही करूं नये. पुढें हातीं चार पैसे आले तर ते मुद्दलांत भरावे. वरील ९ टक्क्यांच्या, २० वर्षांच्या कर्जांत आरंभींच दहा हजार रुपये जादा भरले तर शेवटचे सुमारें दहा-अकरा हप्ते कमी होतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करणाऱ्या व्यक्तीकडून बँकेला त्याबद्दल दंड घेतां येत नाहीं.

सरकारी साहाय्याचा विचारही याच जागीं करावा. कारण कर्ज जितकें लहान तितकें बरें. खेड्यांत प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेंतून पात्र कुटुंबाला सपाट प्रदेशांत १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १,३०,००० रुपये केंद्र व राज्य मिळून देतात. घर निदान २५ चौरस मीटरांचें असावें लागतें. शहरी भागासाठीं त्याच योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशांत कोठेंही पक्कें घर नसलेल्या कुटुंबांना त्यांत वाव आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाची सूट मिळते. ती जास्तींत जास्त १ लाख ८० हजारांची असून पांच वार्षिक हप्त्यांनीं कर्जखात्यांत जमा होते. विधवा आणि एकट्या स्त्रियांना या योजनेंत प्राधान्य आहे. याशिवाय महाराष्ट्रांत केवळ स्त्रीच्या नांवें घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कांत १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. तें घर पंधरा वर्षें पुरुषाला विकतां येणार नाहीं अशी अट आरंभीं होती. ती २०२३ मध्यें काढून टाकण्यांत आली.

सही करण्यापूर्वीं आपले हक्कही ठाऊक असावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक कर्जदाराला व्याज, शुल्क आणि एकूण खर्च दाखवणारें एक संक्षिप्त विवरणपत्र, त्याला समजेल अशा भाषेंत देणें बँकांवर बंधनकारक आहे. तें मराठींत मागावें, घरीं आणावें, आणि जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावें. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आंत मूळ दस्तऐवज परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषानें उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला आहे.

आणि हप्ते थकले तर? नव्वद दिवसांपेक्षां अधिक थकबाकी राहिली कीं खातें अनुत्पादक ठरतें. त्यानंतर २००२ च्या कायद्यान्वयें बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दाव्यावांचूनही, घराचा ताबा घेऊं शकते. ही नोटीस आल्यावर लाजेनें पेटींत दडवून ठेवणें ही सर्वांत घातक गोष्ट होय. त्या साठ दिवसांत लेखी हरकत घेतां येते, बँकेशीं बोलून हप्त्यांची फेरआखणी मागतां येते; पुढें कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते, आणि आमच्या विदर्भासाठीं तें नागपूरला आहे. संपूर्ण देणें भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत राहतो, त्यानंतर नाहीं. शक्य तर हप्ता चुकण्यापूर्वींच, नोकरी सुटली किंवा आजार आला त्याच आठवड्यांत, बँकेला लेखी कळवावें.

शेवटीं एक अप्रिय पण टाळतां न येणारी गोष्ट. एका कमाईच्या घरांत ती कमाईच नाहींशी झाली तर कर्ज मुलांच्या घरावर उभें राहतें. यासाठीं आयुर्विमा हवाच. प्रधानमंत्री जीवनज्योति विम्यांत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचें संरक्षण मिळतें. वयाच्या १८ ते ५० वर्षांच्या दरम्यान त्यांत नांव घालतां येतें. कर्जाच्या मानानें तें अपुरें असेल तर कर्जाइतक्या रकमेचा मुदतविमा घ्यावा. आणि मृत्युपत्र करून ठेवावें. हिंदु स्त्री मृत्युपत्र न करतां वारली तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीनें पतीचाही वांटा असतो. घटस्फोट झालेला नसेल तर पंधरा वर्षें तोंड न दाखवलेला पतीही वारस म्हणून पुढें येऊं शकतो. जिनें वीस वर्षें हप्ते भरून घर उभें केलें, तिचीं मुलें त्या घरांत पुन्हां वांटेकरी होऊन बसावीं, हें टाळण्यासाठीं दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक कागद पुरतो.

हें सर्व ऐकणारे आपण बहुतेक सुशिक्षित, शहरांत स्थिरावलेले गृहस्थ आणि गृहिणी आहां. आपणांस हें कर्ज नको असेल. परंतु आपल्या घरीं स्वयंपाकाला, धुण्याभांड्यांना किंवा वृद्धांच्या शुश्रूषेला येणाऱ्या बाईंपैकीं कितीएक अशा एकट्या पालक आहेत. त्यांचें वेतन दरमहा ठराविक तारखेस बँकेच्या खात्यांत भरावें. ‘अमुक वर्षांपासून आमच्याकडे काम करतात, अमुक वेतन घेतात,’ असें एका कागदावर लिहून, खालीं सही व तारीख घालून द्यावें. आपणांस त्यांत पांच मिनिटें लागतील. आतांच मांडलेल्या हिशेबांत ९ आणि १२ टक्क्यांमधलें जें अंतर आपण पाहिलें, तें बहुधा अशाच एका कागदानें मिटतें. आजच्या महिन्यापासून तो कागद आपल्या घरून निघावा, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.